सापाच्या पेटीचे दार

विषारी साप कोंडून ठेवण्यासाठी माणसाने आजवर वापरलेल्या वस्तूंची यादी फार लांब नाही. वेताची टोपली, मातीचे मडके, लाकडी खोका, पिंप, काचेची पेटी, भिंतीने वेढलेला उघडा खड्डा आणि अलीकडचे प्लॅस्टिकचे खण, एवढ्यात ती जवळजवळ संपते. या प्रत्येक वस्तूकडून दोन कामांची अपेक्षा असते: साप बाहेर पडू नये, आणि त्याला पाणी पाजणाऱ्या, भक्ष्य देणाऱ्या, त्याची विष्ठा व कात काढणाऱ्या माणसाचा हात त्याच्या तोंडाशी जाऊ नये. पहिले काम बुरुडाने आणि कुंभाराने फार पूर्वीच बऱ्यापैकी साधले होते. दुसऱ्या कामासाठी मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते साधेपर्यंत अनेक जाणत्या माणसांचे प्राण गेले. बंदिवासातला साप निसटून एखाद्या अनोळखी माणसाला चावतो, ही भीती लोकमानसात मोठी असली तरी तसे क्वचितच घडते. दंश होतात ते बहुधा रोजची कामे करणाऱ्या, सापाला ओळखणाऱ्या माणसाच्या बोटांवर, आणि तेही दार उघडलेले असताना. म्हणून सापाच्या पिंजऱ्याचा इतिहास लिहायचा तर भिंतींपेक्षा दाराकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

गारुड्याची टोपली हे या इतिहासातले सर्वांत परिचित पात्र. बांबूच्या किंवा वेताच्या कामट्यांची, चपटी, गोल, वरून झाकण असलेली आणि कापडात बांधून कावडीला टांगता येणारी ही टोपली बुटकी असते, त्यामुळे नागाला वेटोळे करून पडून राहण्यावाचून गत्यंतर नसते. आत अंधार असल्यामुळे तो शांतही राहतो. झाकण उचलताच एकदम उजेड येतो, समोर माणूस हालचाल करताना दिसतो, आणि नाग फणा काढून उभा राहतो. गारुड्याचा खेळ खरे तर या झाकणाच्या उघडण्यातच असतो. पुंगी निमित्तमात्र, कारण हवेतून येणाऱ्या सुरांपेक्षा नागाचे लक्ष पुंगीच्या हलणाऱ्या टोकाकडे असते. जी टोपली वारंवार उघडायची आणि तीही हातानेच, तिच्यात जिवंत विषदंतांचा नाग ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून पुष्कळ गारुडी नागाचे विषदंत मोडून टाकत किंवा त्याचे तोंड शिवून टाकत. विषदंत, म्हणजे विषग्रंथींशी जोडलेले पोकळ किंवा खाचेचे दात, मोडले तरी मागचे राखीव दात काही आठवड्यांत पुढे येतात, त्यामुळे हा क्रूर प्रकार पुनःपुन्हा करावा लागे. टोपली कच्ची असली तरी चालत असे, कारण सुरक्षिततेचा सगळा भार सापाच्या देहावर टाकलेला होता.

मडक्याची गोष्ट वेगळी आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीसाठी जिवंत नाग पकडून आणण्याची जी प्रथा होती, तीत नाग सणाआधी काही दिवस मातीच्या मडक्यांत ठेवले जात आणि सणानंतर पुन्हा रानात सोडले जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या प्रथेला बंदी आली, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याची अंमलबजावणी तेथे काटेकोरपणे होऊ लागली. प्रथेच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे बाजूला ठेवला, तरी मडक्याची निवड विचारपूर्वक झालेली होती हे मान्य करावे लागते. न भाजलेल्या विटेसारखे कच्चे नाही आणि चिनी मातीच्या बरणीसारखे गुळगुळीत लेप दिलेलेही नाही, असे साधे भाजलेले मडके सच्छिद्र असते. त्याच्या अंगातून ओल झिरपून वाफ होते आणि आतला गारवा टिकतो. साप शीतरक्ती, म्हणजे आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण न करता भोवतालातून घेणारा प्राणी असल्यामुळे, उन्हात तापलेल्या धातूच्या डब्यात तो थोड्याच वेळात मरू शकतो, पण मडक्यात तगतो. मडक्याला कोपरा नसतो, म्हणून रेटा देण्यासाठी सापाला टेकू मिळत नाही. तोंड अरुंद असते, आणि लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा कापडाचा दादरा बांधला की हवा खेळते आणि वाटही बंद होते. या रचनेचे वैगुण्य एकच, पण ते मोठे आहे. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि दादऱ्याची गाठ सोडणारी बोटे सापाच्या डोक्यापासून वीतभरही लांब नसतात.

आत काय आहे ते दिसावे, ही गरज युरोपात प्रेक्षकांमुळे निर्माण झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 1849 मध्ये केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक इमारत उघडली; या प्रकारची ती जगातील पहिली समजली जाते. काचेच्या पेट्यांतून हजारो लोकांनी नाग आणि अजगर निर्धास्तपणे पाहिले, कारण काचेने त्यांना पूर्ण संरक्षण दिले होते. ते संरक्षण रखवालदाराला नव्हते. तीनच वर्षांनी, 20 ऑक्टोबर 1852 रोजी, गर्लिंग नावाच्या रखवालदाराने रात्रभराच्या मद्यपानानंतर सकाळी कामावर येऊन पेटीतून एक नाग बाहेर काढला आणि त्याच्याशी खेळ सुरू केला. नाग त्याच्या नाकावर चावला आणि थोड्याच वेळात रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. या घटनेचा दोष सहजपणे दारूवर टाकता येतो, आणि त्या काळात तो टाकलाही गेला. परंतु एकटा माणूस, कोणाच्याही परवानगीशिवाय, एकच दार उघडून थेट नागापर्यंत पोहोचू शकत होता, ही त्या काचेच्या घराची उणीव दारूइतकीच कारणीभूत होती. आज विषारी सापांच्या कक्षांना दोन कुलपे लावतात आणि दोन माणसे हजर असल्याशिवाय ती उघडत नाहीत. हा नियम अशाच मृत्यूंतून जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साप पाळण्याचे कारणच बदलले. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत सायगाव येथे असताना, पुराच्या दिवसांत एका गावात शिरलेले नाग पकडून पिंपात भरून त्याच्याकडे पाठवण्यात आले, आणि त्या नागांच्या विषावर सुरू झालेल्या कामातून पुढे, 1890 च्या दशकाच्या मध्यात, प्रतिविष तयार झाले. प्रतिविष म्हणजे घोड्यासारख्या मोठ्या जनावराला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून केलेले औषध. त्यासाठी विष हवे, विषासाठी साप हवेत, आणि ते दोन-चार नव्हे तर शेकड्यांनी, जिवंत, निरोगी आणि पुनःपुन्हा हाताळता येतील असे हवेत. टोपली, मडके आणि काचेची पेटी यांपैकी काहीही एवढ्या संख्येला पुरणारे नव्हते.

ब्राझीलमध्ये साओ पावलो येथील बुतांतान संस्थेने, जी 1901 मध्ये स्थापन झाली, या प्रश्नाची दोन उत्तरे शोधली, आणि त्यांपैकी पहिले अधिक चतुर होते. संस्थेचे संचालक वितल ब्राझील यांनी शेतकऱ्यांना सरकत्या झाकणाचे छोटे लाकडी खोके आणि साप धरण्यासाठी टोकाला फास असलेली काठी पुरवली. शेतकऱ्याने साप मारण्याऐवजी पकडून खोक्यात घालावा, रेल्वेने संस्थेकडे पाठवावा आणि त्याच्या बदल्यात प्रतिविषाच्या कुप्या न्याव्यात, असा हा व्यवहार होता. अनोळखी, अप्रशिक्षित माणसाच्या हाती द्यायच्या खोक्याला कसे असावे लागते, याचा विचार बहुधा येथे प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर झाला. काठीच्या लांबीने हात दूर राहिला, आणि झाकण वर उचलण्याऐवजी बाजूने सरकत असल्यामुळे ते ओढताना सापाच्या डोक्यावर वाकावे लागले नाही.

दुसरे उत्तर म्हणजे उघडा खड्डा. हिरवळीच्या एका तुकड्याभोवती भिंत, भिंतीच्या आतल्या बाजूने पाण्याचा चर, आणि मध्ये सापांना निवाऱ्यासाठी घुमटाच्या आकाराची, खाली दारे ठेवलेली छोटी घरटी, असे बुतांतानचे सर्पालय होते. ही रचना पुढे जगभर गेली. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथच्या वस्तुसंग्रहालयाने 1919 मध्ये, बँकॉक येथील राणी सावभा स्मृती संस्थेने 1923 मध्ये, आणि त्यानंतर अनेक देशांतील सर्पोद्यानांनी तिची रूपे उभारली. खड्ड्याची भिंत किती उंच असावी, याचे गणित सापाच्या शरीरावरून निघते. नाग आधाराशिवाय आपल्या लांबीचा साधारण तिसरा हिस्सा उभा करू शकतो, पण भिंत खडबडीत असेल किंवा दोन भिंतींचा काटकोन मिळाला तर साप त्या कोपऱ्यात अंग दाबून त्याहून पुष्कळ वर सरकतो. म्हणून भिंत गुळगुळीत घोटलेली, कोपरे गोलाई दिलेले आणि वरची कड आतल्या बाजूला झुकलेली असावी लागते. आत लावलेल्या झाडाची फांदी भिंतीच्या जवळ आली, किंवा पावसाचे पाणी जाण्याच्या नळाला जाळी नसली, तर सगळा खर्च व्यर्थ जातो. फुरसे आणि घोणस यांसारख्या बहुधा जमिनीवर वावरणाऱ्या सापांना खड्डा मानवतो. झाडांवर राहणाऱ्या चापड्याला तो कधीच कैद करू शकत नाही.

तरीही खड्डा ही सुरक्षिततेच्या इतिहासातली एक मोठी पीछेहाट होती, असे म्हणावे लागते. टोपलीत माणसाचा हात सापाजवळ जात होता. खड्ड्यात अख्खा माणूस सापांमध्ये उतरू लागला. विष काढायचे तर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, हातात आकडी, म्हणजे टोकाला वळवलेली लोखंडी सळई, घेऊन आत जायचे आणि गवतात पसरलेल्या डझनावारी सापांतून एकेक उचलायचा, ही रीत झाली. पोर्ट एलिझाबेथ येथे तर हा उतरणारा माणूसच प्रेक्षकांचे आकर्षण बनला. शिवाय कोणता साप जेवला, कोणता आजारी आहे, कोणाचे विष गेल्या आठवड्यात काढले, हे गर्दीत कळत नाही. दुबळा साप कोपऱ्यात पडून मरतो आणि त्याचा रोग किंवा त्याच्या अंगावरच्या गोचिडी इतरांना जडतात. पर्यटकांना खड्डा आवडतो, त्यामुळे तो टिकला. प्रयोगशाळा मात्र हळूहळू त्यापासून दूर गेल्या.

मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये 1899 पासून असलेली प्लेगची प्रयोगशाळा, जिला 1925 मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, या संक्रमणाची साक्षीदार आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत जॉर्ज लॅम्ब यांनी तेथे नागाच्या आणि इतर सापांच्या विषावर संशोधन केले, आणि पुढे संस्थेने नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे प्रतिविष बनवले. डॉ. पी. जे. देवरस, ज्यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक 1965 मध्ये प्रसिद्ध झाले, यांनी संस्थेच्या सर्पागारातील सापांकडून मिळणाऱ्या विषाच्या नोंदी ठेवून त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. अशा नोंदींना किंमत यायची तर साप ओळखता आला पाहिजे, आणि साप ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र जागा. सुरक्षिततेचा विचार येथे विज्ञानाच्या मागच्या दाराने आत आला, असे म्हणता येईल: ज्या पेटीत एकच साप आहे, तिच्यात हात घालताना दुसरा कोठून येईल ही धास्ती नसते.

तमिळनाडूत मात्र मडके पुन्हा परतले. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी 1972 मध्ये मद्रासच्या गिंडी येथे सर्पोद्यान नीट वसवले. सापांच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आल्यावर पिढ्यान्पिढ्या साप पकडून पोट भरणारे इरुला लोक बेकार झाले, आणि व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली येथे ही संस्था साप पकडून आणते, त्यांचे विष ठरावीक दिवसांच्या अंतराने काही वेळा काढते आणि सुमारे तीन-चार आठवड्यांनी पोटाच्या खवल्यावर खूण करून त्यांना पुन्हा रानात सोडते. या मुक्कामात साप तळाशी ओलसर वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत राहतात, तोंडाला कापड बांधलेले असते आणि प्रत्येक मडक्याची नोंद ठेवलेली असते. एका मडक्यात एकाच जातीचे साप, जागा सावलीची, आणि मुक्काम आठवड्यांचा. या तीन अटी पाळल्यामुळे शिराळ्याच्या मडक्यातले बरेचसे दोष येथे निघून गेले. निरोगी साप काही आठवडे सहज उपाशी राहू शकतो, हेही मडक्याच्या पथ्यावर पडते. तोच साप वर्षभर ठेवायचा असता तर मडके निरुपयोगी ठरले असते, कारण दर आठवड्याला भक्ष्य देण्यासाठी दादरा सोडावा लागला असता, आणि प्रत्येक गाठीबरोबर धोकाही सुटला असता. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिविषनिर्मितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक सापाचा माग ठेवण्यावर आणि नव्या सापाला काही काळ वेगळे ठेवून तपासण्यावर भर आहे. त्या कसोटीवर रानातून आणून रानात सोडण्याची पद्धत कमी पडते, अशी टीका होते. टीका रास्त असली, तरी गरीब समाजाच्या हाती, वीज नसलेल्या जागी आणि चार आण्यांच्या सामग्रीत इतके काम करणारे दुसरे पात्र कोणी दाखवलेले नाही.

कायमच्या वास्तव्यासाठी जी पेटी लागते, तिचा पाया पुन्हा लंडनमध्येच घातला गेला. जोन प्रॉक्टर यांनी आखलेले नवे सर्पगृह 1927 मध्ये उघडले. त्यात प्रेक्षकांची जागा अंधारी ठेवून उजेड फक्त पेट्यांमध्ये सोडला होता, त्यामुळे काचेवर प्रतिबिंब पडत नसे, आणि विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या पेट्यांना वेगवेगळी उष्णता दिली होती. उष्णता ही केवळ सापाच्या आरोग्याची बाब आहे असे वाटते, पण ती सुरक्षिततेचीही आहे, कारण गारठलेला किंवा अति तापलेला साप सतत फटी धुंडाळतो, तर हवी तशी ऊब मिळालेला साप पडून राहतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन येथील मत्स्यालयातून ऑक्टोबर 2022 मध्ये एक नागराज निसटला, त्याचे कारण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. छताजवळचा जुना दिवा इतका तापत असे की साप त्याच्या आसपास फिरकत नसे. त्याच्या जागी वीज वाचवणारा थंड दिवा बसवला, आणि नागराज त्या दिव्याच्या फटीतून बाहेर पडला. जी उष्णता इतकी वर्षे बिनपगारी पहारा देत होती, तिची कोणी नोंदच केलेली नव्हती. साप सुमारे आठवडाभर इमारतीतच भिंतीच्या आत दडून राहिला आणि नंतर आपणहून पेटीत परतला.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून मार्च 2011 मध्ये इजिप्शियन जातीचे नागाचे एक पिल्लू, जेमतेम दोन फुटांचे, असेच गायब झाले आणि सुमारे आठवड्याने त्याच इमारतीत सापडले. दोन्ही ठिकाणी पेटी हरली, पण इमारत जिंकली. यावरून ‘दुहेरी आवरण’ हे तत्त्व स्पष्ट होते: पेटी फुटली तरी खोली फुटू नये, म्हणून खोलीच्या दारांखालच्या फटी, गटारांची तोंडे, विजेच्या तारांची भोके हे सारे पेटीइतक्याच काळजीने बुजवलेले असावे लागते. याच तत्त्वावर विश्वास ठेवणे अशक्य झाले तेव्हा काय घडते, तेही लंडननेच पाहिले. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच, बॉम्बने इमारत पडली तर काय, या भीतीने तेथील विषारी प्राणी मारून टाकण्यात आले.

जाळीचा प्रश्नही वरवर पाहता क्षुल्लक, पण घातक. प्रौढ घोणस ज्या जाळीतून बोटभरही बाहेर येऊ शकत नाही, तिच्यातून तिची पिल्ले सहज निघून जातात. आणि घोणस अंडी न घालता एका वेळी वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक, जिवंत पिल्ले देते, ज्यांच्यात जन्मतःच विष असते. रानातून आणलेली मादी गाभण आहे की नाही हे नेहमी कळत नाही, म्हणून जाळीचे छिद्र आईच्या नव्हे, पिल्लाच्या डोक्यावरून ठरवावे लागते. ती जाळी खरखरीत असली तर साप नाक घासून जखम करून घेतो, आणि आत विषाची पिचकारी मारणारा आफ्रिकी नाग असेल तर जाळी चेहऱ्यासमोर नसणे हे रखवालदाराच्या डोळ्यांसाठी अत्यावश्यक असते.

महाराष्ट्रात या साऱ्या विचाराला लोकांपर्यंत नेणारे नाव नीलिमकुमार खैरे यांचे. त्यांनी 1980 मध्ये पुण्यात 72 विषारी सापांसह 72 तास काचेच्या खोलीत काढले. साप आणि माणूस यांच्यामध्ये आवरण असावे, या शतकभराच्या धडपडीला उलटे करणारा हा विक्रम होता; साप विनाकारण चावत नाही हे दाखवण्याचा त्यांचा हेतू सफल झाला, पण तो पिंजऱ्याचा आदर्श मानता येणार नाही. त्यांच्याच पुढाकाराने 1986 मध्ये उभ्या राहिलेल्या कात्रजच्या सर्पोद्यानात माणसे बाहेर आणि साप आत, ही जुनी व्यवस्था कायम राहिली.

दाराच्या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणजे लपणपेटी. मोठ्या पेटीच्या आत एक छोटी, अंधारी, एका बाजूला भोक असलेली पेटी ठेवतात, आणि त्या भोकाची झडप बाहेरून लांब सळईने सरकवता येते. साप दिवसाचा बराच वेळ आपणहून आत जाऊन पडतो. रखवालदार तो आत असल्याची खात्री करतो, झडप लावतो, आणि मगच मोठे दार उघडून पाणी बदलतो, घाण काढतो. खात्री न करता दार उघडायचे नाही, हा नियम येथे यंत्रापेक्षाही महत्त्वाचा. मडक्याचा अंधार, खोक्याची सरकती झडप आणि काचेची पारदर्शकता या तिन्ही गोष्टी या साध्या जोडणीत एकत्र आल्या. नागराज किंवा चापडा पाळणाऱ्या संस्थांना तर ती टाळून चालतच नाही, कारण भारतीय प्रतिविष चार सापांपुरते आहे आणि या दोघांच्या दंशावर ते भरवशाचे नाही.

परवान्याशिवाय साप बाळगणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे, महाराष्ट्रातील बहुतेक सर्पमित्रांचा सापाला ‘ठेवण्याशी’ संबंध येतो तो घरातून साप उचलल्यापासून वनखात्याच्या सूचनेनुसार सोडेपर्यंतच्या काही तासांपुरता. त्या काही तासांसाठीही लपणपेटीचेच तत्त्व कामी येते. कापडी पिशवीचे तोंड प्लॅस्टिकच्या नळीला बांधून ती नळी भिंतीच्या कडेला ठेवली, आणि आकडीने सापाला हलकेच तिकडे वळवले, की बिळ समजून तो आपणहून आत शिरतो. पिशवीला पीळ देऊन गाठ मारताना बोटे सापापासून नळीच्या लांबीएवढी दूर राहतात. मात्र घोणसेचे विषदंत लांब असल्याने ते कापडातून आरपार जातात, आणि मोटारसायकलला अडकवलेली पिशवी चालवणाऱ्याच्या पोटरीला घासत असते. म्हणून जाणते सर्पमित्र ती पिशवी, भोके पाडलेल्या झाकणाच्या जाड बरणीत घालूनच गाडीला लावतात.